आठ नंबरची सुई

ऑफिसात माझ्या टेबलावर पेनं ठेवायचा एक मग आहे, त्यात एक विणायची सुई उभी असते. ॲल्युमिनियमची. एके काळी निळी असावी, आता रंग फक्त टोपीपाशी शिल्लक आहे. टोपीवर आठचा आकडा कोरलाय. तो डोळ्यांना दिसत नाही, अंगठ्याला लागतो. टीममध्ये नवीन आलेलं कुणी ना कुणी विचारतंच, तुम्ही विणता का? मी नाही म्हणते. मग सुई कशाला, असा पुढचा प्रश्न येतो. सुंदराक्कांची आहे, एवढं सांगते आणि कामाचं बोलायला लागते.

सुंदराक्का म्हणजे माझ्या घरमालकीण. एचएसआर लेआउटमध्ये त्यांच्या मुलाचं घर होतं आणि गच्चीवर एक खोली. त्या खोलीत मी सहा वर्षं राहिले.

मी निपाणीची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आईकडून कुणी नाही, वडलांकडून कुणी नाही. हे मी कधी लपवलं नाही, उलट जरा जास्तच सांगते असं लोकांचं म्हणणं आहे. असू दे. कमावलेली गोष्ट आहे, सांगणार. खोली बघायला गेले तेव्हाही मी आधी डिग्री सांगितली आणि मग नाव. अक्का व्हरांड्यात विणत बसल्या होत्या. डिग्रीबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. उठल्या, माझ्या मागं आल्या आणि एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत वीत टाकली. दोन वीत चार बोटं, असं स्वतःशीच म्हणाल्या. मग विचारलं, "थंडी वाजती काय तुला?"

मी म्हटलं, ऑफिसात एसी फार असतो.

"सरी, बरं. मग ऱ्हा," म्हणाल्या. भाडं वगैरे मुलानं संध्याकाळी सांगितलं.

बारीक, उंच बाई. सत्तरी ओलांडलेली. अंगावर सुती साडी, पायात रबरी चप्पल आणि अंबाड्यात कायम एक सुई. मोकळी सुई खाली ठेवायची नाही, कारण खाली ठेवलेली सुई एक तर हरवते नाहीतर कुणाच्या पायात जाते. म्हणून जिचं काम थांबलंय ती डोक्यात, असा त्यांचा नियम. त्या तशाच दुधाला जायच्या, देवळात जायच्या, एकदा तर बँकेतही गेल्या आणि दारावरच्या माणसानं अडवलं. अक्कांनी सुई काढून त्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, धर, येईपर्यंत खाली ठेवू नको. तो बिचारा पंधरा मिनिटं बंदुकीसारखी धरून उभा होता.

त्यांचं घराणं चार पिढ्या याच कानडी शहरातल्या, पुण्यातल्या नव्हे, शिवाजीनगरचं. आजोबा पलटणीचे कपडे शिवायचे, वडलांनी तेच केलं. मुलानं, म्हणजे प्रकाशण्णांनी, बँकेत नोकरी धरली आणि इकडे घर बांधलं. त्यामुळे घरात मराठी, पण आमच्या शाळेच्या पुस्तकातलं नव्हे. मध्येच कन्नड शब्द यायचा आणि तो कन्नड आहे हे त्यांच्या गावीही नसायचं. एकदा त्या म्हणाल्या, भाजीत मीठ स्वल्प कमी पडलंय. मी म्हटलं, अक्का, स्वल्प नाही, थोडं म्हणायचं. पुढचे आठ दिवस त्या माझ्याशी बोलताना आधी थांबायच्या आणि मग जपून 'थोडं' म्हणायच्या. बाकी सगळ्यांना स्वल्पच. ते आठवलं की मला अजून मान खाली घालावीशी वाटते, आणि ही तर सगळ्यात लहान गोष्ट आहे.

त्यांच्या सुया एका जुन्या छत्रीच्या खोळीत असायच्या. छत्री कधीच गेली होती, खोळ राहिली होती. वीस-बावीस जोड्या असतील. ॲल्युमिनियमच्या, स्टीलच्या, बांबूच्या, आणि गोल विणायच्या दोन्हीकडून टोक असलेल्या चार-चारच्या. काळोखात हात घातला तरी हवा तो नंबर निघायचा. तरीसुद्धा दर गुरुवारी त्या बसनं शिवाजीनगरला जायच्या, तिथल्या एका बोळातल्या लोकर-बटणांच्या दुकानात. एका सुट्टीच्या दिवशी मीही गेले. दुकानदारानं सुयांचा खोका पुढं सरकवला. अक्का एकेक सुई उचलून आधी गालावरून फिरवायच्या. गालाला जे खरखरीत लागतं ते लोकरीलाही लागतं. मग टोक अंगठ्याच्या नखावर टेकवायच्या. फार टोकदार सुई धागा फोडते. शेवटी काउंटरवर सुई सोडून आवाज ऐकायच्या. एवढं करून बहुतेक वेळा काहीच घ्यायच्या नाहीत. दुकानदार म्हणाला, अक्का, नवरी बघायलासुद्धा लोक एवढं करत नाहीत. अक्का म्हणाल्या, म्हणून तर नंतर रडतात.

मला वाटायचं, सुईत निवडण्यासारखं काय असतं. मी इंजिनिअर. मोबाइलवर बघितलं, दहा लिहिलं होतं, मागवल्या. अक्कांच्या तोंडून 'दहा नंबर' कितीदा तरी ऐकला होता. आल्या त्या लाटण्याएवढ्या. ते दहा मिलिमीटर होते. अक्कांच्या नंबरात आकडा वाढला की सुई बारीक होते, दहा नंबर म्हणजे जेमतेम काडी. मी त्यांना समजावून सांगायला लागले की ही पद्धतच उलटी आहे, मोठा आकडा म्हणजे मोठी वस्तू असायला हवी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, ती लाकडी सुई हातात तोलली आणि म्हणाल्या, "वाईट नाही. ह्यानं नाचणीचे मुद्दे घाटायला होतंय." आणि खरोखरच ती नाचणीच्या पिठाचे गोळे घाटायला स्वयंपाकघरात ठेवून दिली.

त्यांनी मला शिकवायचा प्रयत्न केला. मफलरीच्या पुढं मी गेले नाही. माझा टाका इतका घट्ट यायचा की सुई त्यात शिरायची नाही. माझ्या हातून सुई घेऊन त्यांनी एक नंबर जाड दिली, मग आणखी एक. माणूस बघून सुई द्यायची असते, म्हणायच्या. सैल हाताच्याला बारीक, घट्ट हाताच्याला जाड. "तू फार घट्ट आहेस, सुजा. कोण हिसकून घेणार आहे तुझ्याकडनं?" मी मनात म्हटलं, हिसकून घेणारे तुम्ही बघितले नाहीत.

विणताना चूक सापडली की उसवायच्या. चाळीस ओळी खाली एखादा उलट टाका सुलट पडलेला असला तरी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझाच जीव गेला; दोन दिवसांचं काम त्यांनी टीव्ही बघत बघत सर्रकन ओढून काढलं. मी म्हटलं, कुणाला दिसलं असतं? तर म्हणाल्या, "उसवायला लाज कसली? लोकर तीच ऱ्हाती."

आता त्यांची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. स्वेटर कुणासाठीही असो, त्याची शेवटची ओळ, गळपट्टीचे टाके बंद करायची ओळ, अक्का स्वतः करायच्या नाहीत. ज्याच्यासाठी स्वेटर आहे त्याच्या घरच्या माणसानं ती करायची. तोवर स्वेटर सुयांवरच राहायचा. आई, आजी, बाप, कुणीही चालेल. विणता येत नसलं तरी चालेल, बसवून शिकवायच्या. "मी बंद केलं तर ते दुकानचं होतंय," म्हणायच्या. "घरच्या माणसाचा हात लागला की घरचं."

कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्या अण्णानं नातीसाठी स्वेटर मागितला होता. अक्कांनी त्याला गेटपाशी रिक्षातच बसवलं, स्वतः मागच्या सीटवर बसल्या, आणि त्या दाढीवाल्या माणसानं कपाळाचा घाम पुसत पुसत सत्तर-ऐंशी टाके बंद केले. तेवढ्यात तीन गिऱ्हाइकं आली. तिघांनाही त्यानं हातानंच नको म्हटलं, नजर वर केली नाही. झाल्यावर स्वेटर डोळ्यांसमोर धरून कितीतरी वेळ बघत बसला. अक्का उतरल्या आणि मला म्हणाल्या, बघ, आता हा त्या पोरीला सांगेल, मी केलाय. आणि खोटं नाही ते.

माझा स्वेटरही त्यांनी विणला, गर्द हिरवा. आणि शेवटची ओळ सोडून चार महिने कपाटात ठेवला, माझी आई येईपर्यंत.

आई विड्या वळायची. अजूनही वळते. मी डिग्री सगळ्यांना सांगायचे, हे कुणालाच सांगत नव्हते. ऑफिसात विचारलं तर आई घरीच असते म्हणायचे. तसं ते खोटं नव्हतं, विड्या घरीच वळतात. आई आली त्या दिवशी मी जिन्यावर होते, खाली दोघींचं बोलणं चाललं होतं. अक्कांनी विचारलं, काय काम करता? आईनं सरळ सांगितलं. मला वाटलं, नसतं सांगितलं तर बरं झालं असतं.

अक्कांनी तिच्या हातात आठ नंबरची सुई दिली. बाकीचे टाके अकरा नंबरवर, बारीक सुयांवर असायचे. बंद करायला मात्र तीन नंबर जाड सुई घ्यायची, म्हणजे टाका सैल पडतो आणि गळा डोक्यातून जातो. एकदा दाखवलं. दुसऱ्या टाक्यापासून आईचा हात चालायला लागला. एकसारखा, न थांबता. अक्का बघत राहिल्या.

"पयल्यांदा करताय?"

"ह्यात काय हाय," आई म्हणाली. "विडीचा दोराच की. आवळला तर पान फाटतंय, ढिला सोडला तर तंबाखू सांडतीय."

अक्कांनी तिचा हात हातात घेतला, बोटं उलटसुलट करून बघितली आणि मला हाक मारली. म्हणाल्या, सुजा, हे तुला का नाही आलं गं?

तो स्वेटर घालून मी ऑफिसला गेले. त्या आठवड्यात मला नव्या टीममध्ये घेतलं होतं. सगळे गोल बसले आणि ओळख सुरू झाली. नाव, गाव, कॉलेज, हॉबी. एक जण डोंगर चढायचा, एक मातीची भांडी करायची, एक गिटार वाजवायचा. माझी पाळी येईपर्यंत मी विचार करत होते. लहानपणी मी अभ्यास केला. तो काही छंद नव्हता, ती बाहेर पडायची एकच वाट होती. शेजारी बसलेल्या नेहानं माझी बाही चिमटीत धरली. ती पुण्याची, आमच्याहून चार वर्षांनी मोठी, स्वभावानं चांगली. काय सुंदर स्वेटर आहे, म्हणाली. आणि मी म्हणाले, "हीच माझी हॉबी. मीच विणलाय."

इतकं सहज निघालं तोंडातून, की मलाच खरं वाटलं. टाळ्या पडल्या.

त्यानंतर दीड वर्षानं नेहाला मुलगा झाला. सुट्टीवर जाण्याआधीच तिनं मला सांगून ठेवलं होतं, बाळाला तुझ्या हातचा स्वेटर हवा. सगळ्यांसमोर. मी हो म्हटलं आणि घरी येऊन अक्कांना सांगितलं, मैत्रिणीच्या बाळासाठी हवाय.

अक्कांचे तेव्हा दिवस बरे नव्हते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, मानेला पट्टा होता. प्रकाशण्णा रोज म्हणायचे, आई, आता पुरे. वाईट माणूस नव्हे; आईची मान दुखलेली त्यांना बघवायची नाही. शेवटी अक्कांनी त्यांच्याशी ठरवून टाकलं होतं. माझ्यासमोरच ठरलं ते. "ज्या दिवशी माझा स्वेटर परत येईल त्या दिवशी सुया ठेवते. तोपर्यंत तू बोलायचं नाही." पन्नासएक वर्षांत एकही परत आला नव्हता. प्रकाशण्णा सरी म्हणाले.

नेहाच्या बाळासाठी त्यांनी फिकट पिवळी लोकर आणली. मला चार-चारदा विचारलं, पोराचं डोकं केवढं? तान्ह्या पोराचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं, स्वेटर चुकतो तो गळ्यातच. मी नेहाला विचारून माप आणलं. बाळाची आई पुण्याची आहे म्हटल्यावर अक्का खूश झाल्या. मग इकडंच आण की तिला, म्हणाल्या, मराठी माणूस, बसेल घटकाभर. मी म्हटलं, ओली बाळंतीण, कशी येणार. तिला आणायचं म्हणजे सगळंच बाहेर पडलं असतं. मग अक्कांनी स्वेटर बारीक सुयांवर तसाच ठेवला, टोकांना रबर गुंडाळले, कागदी पिशवीत घातला आणि आठ नंबरची एक सुई वेगळी दिली. "हिच्यानंच बंद करायला सांग. सैल हातानं. आईनं नाहीतर आजीनं."

शनिवारी दुपारी बेळ्ळंदूरला, नेहाच्या घरी, आमची सगळी टीम जमणार होती. आठ नंबरची सुई लांब होती, पर्समधून बाहेर यायची. ती मी वर खोलीत फ्रिजवर ठेवून दिली. एवढं मला येत नाही की काय, असं वाटलं. रिंग रोडला गाड्या जागच्या हलत नव्हत्या आणि टॅक्सीत बसून, मांडीवर पिशवी घेऊन, अकरा नंबरच्या बारीक सुईनं ती ओळ मी बंद केली. आईनं बंद केली होती ते मी जिन्यावरून बघितलं होतं, तेवढ्या शिदोरीवर. टाका सुटेल या भीतीनं प्रत्येक टाका ओढून घेत होते. सुया काढून पर्सच्या तळाशी ढकलल्या. वरून बघितलं तर अगदी नीट दिसत होतं.

नेहाच्या आईनं स्वेटर हातात घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांच्या काळी त्याही विणायच्या. किती एकसारखा हात आहे गं तुझा, आजकालच्या मुलीत बघायला मिळत नाही, असं म्हणत त्यांनी तिथंच बाळाला घालायला घेतला. सगळ्यांनी मोबाइल काढले.

गळा कपाळावर अडकला. पुढं जाईना, मागं येईना. पोर आत गुदमरून लालभडक झालं आणि किंचाळायला लागलं. नेहा घाबरली. तिच्या आईनं कसाबसा स्वेटर वर ओढून काढला, तर पोराच्या कपाळावर टाक्यांची रांग उमटलेली. मग सगळे हसले, प्रेमानंच हसले. नेहाच्या आई गळपट्टीवर बोट फिरवत म्हणाल्या, "बाकी सगळं इतकं सुरेख आणि बंद करताना एवढं का आवळलंस?"

इथं मी खरं सांगू शकले असते. एका वाक्याचं काम होतं, की विणलं दुसऱ्या कुणी, मी नुसतं बंद केलंय. मी म्हणाले, "ती शेवटची ओळ मी नाही केली. आमच्या घरमालकीणबाई आहेत, त्यांना करायची हौस. आता दिसत नाही त्यांना नीट, पण नाही कसं म्हणायचं."

खोलीतल्या सगळ्यांना माझं कौतुक वाटलं. किती गोड आहेस, असं नेहा म्हणाली.

दोन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, तिचा फोन आला की आम्ही तुझ्या गेटपाशी आहोत. मी धावत खाली गेले तर नेहा, बाळ आणि तिची आई व्हरांड्यात बसलेल्या. समोर अक्का. बाजूला प्रकाशण्णा पेपर घेऊन. नेहाच्या आईला वाटलं होतं, म्हाताऱ्या बाईंच्या मनाला लागायला नको. त्यांच्याच हातून ती ओळ पुन्हा करून घ्यावी, तेवढंच त्यांना बरं वाटेल. माणसं चांगली असली की असं होतं. मी पोचले तेव्हा त्या अक्कांच्या मांडीवर स्वेटर ठेवून सांगत होत्या, "सुजातानं विणलाय फार सुंदर. तुम्ही शेवटची ओळ केलीत ना, ती जरा घट्ट झालीय. तुम्ही काही वाटून घेऊ नका हं. डोळ्यांचं काय, आपल्या हातात थोडंच असतं."

अक्कांनी स्वेटरकडे बघितलं नाही. गळपट्टीवरून अंगठा फिरवला, पूर्ण एक फेरा. त्यांना कळलं. कोणत्या सुईनं बंद केलंय ते कळलं आणि कुणी, तेही कळलं. माझ्या हाताचा टाका त्यांनी मफलरीत शंभर वेळा उसवला होता. प्रकाशण्णांनी पेपर खाली केला.

"व्हय," अक्का म्हणाल्या. "माझाच हात आवळला. वय झालं." आणि मग माझ्याकडे वळून, अगदी रोजच्या आवाजात, "सुजा, वर तुझ्याकडं आठ नंबरची सुई ऱ्हायली असंल बघ. आणतीस काय?"

मी वर गेले. सुई फ्रिजवर होती तशीच होती, तिच्यावर धूळ बसली होती. मी ओढणीनं पुसली. पुन्हा पुसली. खाली जाऊन सांगायचं, असं मी ठरवलं. मग वाटलं, सोमवारी ऑफिसात काय होईल. मग वाटलं, नेहा गेल्यावर अक्कांना एकटीला सांगू. मग प्रकाशण्णांना. असं करत मी खोलीत उभी राहिले. किती वेळ ते मला माहीत नाही. खाली आले तेव्हा बाळ झोपलं होतं.

प्रकाशण्णा बोलत होते. "आई, तूच म्हणाली होतीस."

"म्हणाले होते की."

"मग?"

"मग काय. साकु. पुरे झालं. ठेवते."

मी सुई दिली. अक्कांनी माझ्या टाक्यांची ओळ सर्रकन उसवली, बारीक सुयांवर टाके उचलून घेतले आणि नेहाच्या आईच्या शेजारी बसून तिच्याकडून बंद करून घेतलं. सैल, एकसारखं. बाळाला उठवून घातलं तर डोकं अलगद बाहेर आलं आणि ते हसलं. सगळ्यांनी फोटो काढले. मी आत जाऊन चहा टाकला.

छत्रीची खोळ प्रकाशण्णांनी माळ्यावर ठेवली. अंबाड्यातली सुई तेवढी राहिली. ती काढून घ्यायचं कुणाच्या मनात आलं नाही. गुरुवारच्या बसनं शिवाजीनगरला जाणं बंद झालं. दुसरी नात झाली तेव्हा रिक्षावाला अण्णा हौसेनं आला. गेटपाशीच त्याला अक्का म्हणाल्या, बेडा अण्णा, नको, आता होत नाही. टीव्ही बघताना त्यांची बोटं मांडीवर हलत असायची आणि मध्येच ओठ, टाके मोजल्यासारखे. मला पाहिलं की थांबवायच्या.

माझ्याशी वागणं रेसभर बदललं नाही. सांबाराची वाटी वर यायची. थंडी वाजती काय, असं विचारायच्या. बोलल्या असत्या, भाडं वाढवलं असतं, खोली सोड म्हणाल्या असत्या, तर मला भांडता आलं असतं. भांडण मला येतं. हे मला येत नव्हतं.

आणखी सव्वा वर्ष मी तिथं राहिले आणि एक शब्द बोलले नाही. मग स्वतःचा फ्लॅट घेतला, आमच्या घराण्यातला पहिला. सामान टेम्पोत चढवून झालं, खाली निरोप घ्यायला गेले, दोघंही व्हरांड्यात होते. तिथं उभी राहून मी सगळं सांगून टाकलं. स्वेटर अक्कांनी विणला होता, शेवटची ओळ मी टॅक्सीत बंद केली, नाव त्यांचं लावलं. प्रकाशण्णांकडे बघून सांगितलं. त्यांचा हात धरून माळ्यावरची खोळ काढायला लावावी, असं मनात होतं.

प्रकाशण्णांनी पूर्ण ऐकलं. मग त्यांचे डोळे भरून आले. "बघ आई," ते म्हणाले, "तुला वाईट वाटू नये म्हणून जाता जाता स्वतःवर घेतीय. शिकलेली पोरगी, किती मोठं मन."

मी म्हटलं, नाही, खरं आहे ते. ते मान हलवत आत गेले, माझ्यासाठी फळं आणायला. सहा वर्षांत मी त्यांच्याशी एवढं खरं कधी बोलले नव्हते, आणि तेही माझ्याच नावावर जमा झालं.

अक्का गेटपर्यंत आल्या. टेम्पोवाला हॉर्न देत होता. मी म्हणाले, तुम्ही का नाही सांगत त्यांना? आणि त्या दिवशी तरी हो का म्हणालात?

"ती माणसं बाळ घेऊन आली होती," त्या म्हणाल्या. "तुझं नाव घेत आली होती." मग, "तुला वर पाठवलं ते सुईसाठी नव्हं, सुजा. सुया जोडीनं असतात. दुसरी माझ्याजवळच होती."

त्यांनी हात मागं नेला आणि अंबाड्यातली सुई ओढून काढली. टोपीपाशी निळी, वर आठ. त्या दिवशीही ती तिथंच होती, माझ्या डोळ्यांसमोर.

"तू खाली येऊन सांगशील म्हटलं. फार वेळ लागला तुला," म्हणाल्या आणि सुई माझ्या हातात ठेवली. "घट्ट आहेस. जवळ असू दे."

टेम्पो हलला. मी मागं वळून बघितलं. सुई निघाल्यामुळे अंबाडा सुटला होता, इतके लांब केस असतील असं मला कधी वाटलं नव्हतं, सगळे पांढरे. अक्का एका हातानं ते मानेवर आवळून धरून, दुसऱ्या हातानं कठडा पकडून, व्हरांड्याच्या तीन पायऱ्या एकेक करून चढत होत्या.